सोफा मिळणार नाही

सोफा अर्धा दाराबाहेर गेला होता. पुढचे पाय जिन्याच्या चौकात, मागचे अजून हॉलच्या फरशीवर, आणि पाठ दाराच्या चौकटीत अशी तिरकी अडकलेली की धड आत नाही, धड बाहेर नाही. खालचं टोक धरून वली परकार उलटा सरकत होता आणि वरच्या टोकाच्या दोन माणसांना हिंदीत दम देत होता, "आराम से, आराम से. पाय मोडेगा उसका."

"वलीभाई, थांबा," सुरेखा म्हणाली.

"थांबलो. बोट चेपला काय कोणाचा?"

"नाही. सोफा परत आत घ्या."

वलीनं मान वाकडी करून सोफ्याच्या हातावरून वर पाहिलं. "आत? ताई, कठीण काम झाला होता तोच. काय इसरला काय आत?"

"काही विसरलं नाही. आज सोफा जायचा नाही. घ्या आत."

आता ज्यांना आखातातल्या मराठी नाटकांची रीत ठाऊक नाही, त्यांना सोफ्यावरून एवढं काय ते कळायचं नाही. बहारीनला नाटक येतं ते विमानानं. नट येतात, कपड्यांच्या बॅगा येतात, संगीताचा लॅपटॉप येतो. सेट येत नाही. अख्खा दिवाणखाना विमानात घालून कोण आणणार? मग इथल्या मराठी मंडळाचे सभासद आपापल्या घरून वस्तू देतात. कुणाचा लॅम्प, कुणाचा टीपॉय, कुणाच्या भिंतीवरचं घड्याळ. निम्मं पब्लिक नाटक बघायचं सोडून आपलं घड्याळ स्टेजवर नीट चालतंय ना हेच बघत बसतं. आणि सोफा मात्र ठरलेला. उम्म अल हस्सममधल्या सुरेखा आणि शैलेंद्र वर्तकांचा. बाकीच्यांकडे आता इंग्रजी एलसारखे वळलेले, बटण दाबलं की पाय वर करणारे सोफे आलेत, ते ना लिफ्टमध्ये मावत ना शाळेच्या ऑडिटोरियमच्या मागच्या दारातून जात. वर्तकांचा सोफा साधा, तीन माणसांचा, सागवानी हातांचा, आणि पाठ अशी उंच की तिच्यामागे दोन माणसं सहज लपतील. विनोदी नाटकात आणखी काय लागतं?

विनोदी नट विनीत अष्टेकर पहिल्यांदा बहारीनला आले तेव्हा याच सोफ्यावर बसले होते. दुसऱ्या अंकात त्यांच्या हातून चहा सांडला, अगदी खरा चहा, आणि बसायच्या गादीवर बशीएवढा डाग पडला. सुरेखानं तो कधी धुऊ दिला नाही. वर उशी ठेवायची आणि पाहुणे आले की उशी उचलून दाखवायची, "हा अष्टेकरांचा डाग बरं का!" शैलेंद्र म्हणायचा, "लोक घरात गणपती बसवतात, आमच्याकडे डाग बसवलाय."

त्या नाटकात एक नातू होता. लहान मूल काही कुणी मुंबईहून आणत नाही, तेही इथलंच घेतात. राजस तेव्हा नऊ वर्षांचा. इंग्लिश शाळेतला पोरगा, पण तीन वाक्यं अशी फेकली की हॉल डोक्यावर घेतला. शेवटी अष्टेकरांनी त्याला खांद्यावर घेऊन प्रेक्षकांना नमस्कार केला. तो फोटो सोफ्याच्या वरच्या भिंतीवर होता. दुसरी प्रत राजसकडे पुण्याला.

सुरेखाचं बाकीचं आयुष्य सांगण्यासारखं नाही, म्हणजे तिच्या मते नाही. एका डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला ती बावीस-तेवीस वर्षं बसतेय. दाढ धरून आलेल्यांना इंग्रजीत, हिंदीत आणि मोडक्या अरबीत "पाच मिनिटं" सांगते. घरी आली की कणीक मळताना अष्टेकरांची जुनी नाटकं लावते. तिची आई गेली तेव्हा तिकीट मिळून रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं आटपलेलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती हसली नाही. हसली ती अष्टेकरांनी याच सोफ्यामागून डोकं वर काढलं तेव्हा, आणि मग इतकी हसली की शेवटी रडू आलं. 'अष्टेकर परिवार, बहारीन' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिनंच काढला. दर वाढदिवसाला त्यांच्यावाचून त्यांचा केक कापायचा, फोटो पाठवायचा, त्यांचा हात जोडलेला इमोजी आला की वर्ष सार्थकी लागायचं.

आणि आठवड्यापूर्वी, अष्टेकरांच्या इथल्या नव्या नाटकाची तिकिटं विकली गेलेली असताना, ती क्लिप आली.

कुठल्याशा मुलाखतीत अष्टेकर आरामात रेलून बसलेले. समोरच्यानं विचारलं, आताच्या नाटकांत समलैंगिक पात्रं येतात, तुम्ही कराल का तशी भूमिका? अष्टेकर हसले. ते हसले की सगळे हसतात. म्हणाले, "अहो, आमच्या वेळी अशा मुलांना आईबाप दोन थोबाडीत देत, की तिथल्या तिथे सरळ! आता आयाच लाडानं विचारतात, बाळा, तुला कोण व्हायचंय? मग व्हायचं ते होतं." समोर बसलेल्यांनी टाळ्या पिटल्या.

ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा. स्पृहा म्हणून एक फार्मासिस्ट मुलगी आहे, तिनं लिहिलं, "हे बरोबर नाही. मी तिकीट परत करतेय," आणि ग्रुप सोडला. मग बाकीच्यांना कंठ फुटला. जोक होता, एवढं काय लावून घ्यायचं? क्लिप कापलेली आहे, पूर्ण मुलाखत बघा. कुणीतरी पूर्ण मुलाखत बघितली. तीत टाळ्या जरा जास्त वेळ चालल्या होत्या, एवढाच फरक. मंडळाचे अध्यक्ष प्रवीण देवस्थळी, बँकेतले, मोजून बोलणारे. त्यांनी लिहिलं, "कला वेगळी, कलाकार वेगळा. आणि हॉल बुक झालेला आहे."

सुरेखानं काहीच लिहिलं नाही. ती क्लिप तिनं क्लिनिकच्या स्टोअररूममध्ये हातमोज्यांच्या खोक्यांजवळ उभं राहून पाहिली आणि बाहेर येऊन पुढच्या पेशंटला "पाच मिनिटं" म्हणाली.

कारण राजसनं सांगून दोन वर्षं झाली होती. याच सोफ्यावर बसून सांगितलं होतं. आई, बाबा, मी गे आहे, पुण्यात माझ्याबरोबर जो मयुरेश राहतो ना, तो नुसता फ्लॅटमेट नाही. सुरेखानं त्याचा हात धरला, काय बोलावं ते सुचेना म्हणून धरूनच ठेवला. शैलेंद्र उठला, गीझर बंद केलाय का बघून येतो म्हणाला, आणि त्या विषयात परत आलाच नाही. त्यानंतर राजसचा फोन आला की तो हवा कशी आहे विचारतो, पीएफ कापतात ना विचारतो आणि फोन सुरेखाच्या हातात देतो. मयुरेश हे नाव त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. येत्या डिसेंबरमध्ये दोघं येऊ का असं राजसनं विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "त्याला हॉटेल बघू दे म्हणावं." आणि मंडळात, शेजारीपाजारी कुणाला काही माहीत नाही. मुलगा पुण्यात आर्किटेक्ट आहे, लग्नाचं बघतोय अजून, संपलं.

क्लिप आली त्या संध्याकाळी राजसचा फोन आला होता. "आई, पाहिलंस?"

"पाहिलं."

"तो शोल्डरवरचा फोटो... आय टुक इट डाउन. जस्ट टेलिंग यू."

"अरे राजस..."

"इट्स ओके, आई. यू गो फॉर द प्ले. तुला आवडतं ना."

त्यानं काही मागितलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. 

तरी आज शुक्रवारी सकाळी ती सोफा द्यायला तयार झालीच होती. शैलेंद्रनं आठवडाभर समजावलं होतं, उगाच कशाला, नाटक आहे, सोफा आहे, आपला काय संबंध. वलीची पिकअप खाली आली. सोफ्याभोवती गुंडाळायला जुनी चादर घेऊन ती दाराशी उभी राहिली आणि तेवढ्यात ग्रुपवर अष्टेकरांचा खुलासा आला. तिनं तो तिथेच लावला.

"माझ्या बोलण्याचा विपर्यास झाला," अष्टेकर म्हणत होते, आवाज एकदम मऊ. "अशा मुलांबद्दल माझ्या मनात राग नाही. उलट त्यांच्या आयांची मला कीव येते. कोणत्या तोंडानं चारचौघांत वावरत असतील त्या माउल्या! मी त्यांच्यासाठी प्रार्थना करतो." आणि हात जोडले.

खाली लाल बदाम आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. किती मोठं मन! विषय संपला. भेटू संध्याकाळी.

कोणत्या तोंडानं?  आठवडाभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. आणि तेव्हाच ती म्हणाली, वलीभाई, थांबा.

वलीनं माणसांना सोफा टेकवायला सांगितलं. "झाला काय ताई? बरा नाय वाटत काय?"

वलीला आणि त्याच्या बायकोला, मसूदाला, ती वीस वर्षं ओळखत होती. त्याच्याशी खोटं बोलायचा तिला अचानक कंटाळा आला. "वलीभाई, आपला राजस आहे ना, त्याला मुली नाही आवडत. मुलगा आवडतो. त्यात त्याचा काही दोष नाही आणि माझाही नाही. आणि हा अष्टेकर म्हणतो, त्याला थोबाडीत द्यायला हवी होती. माझी कीव येते म्हणतो. त्याला बसायला माझा सोफा नाही द्यायचा मला."

वलीनं सोफ्याच्या हातावर तळवा ठेवला. त्याच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

"राजस," तो म्हणाला. "माझ्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायचा तो." मग वरच्या माणसांकडे वळला. "यल्ला, उठाव. अंदर."

सोफा परत भिंतीला लागला. वलीनं गुडघ्यानं रेटून तो फरशीवरच्या जुन्या खुणांवर बरोबर बसवला. जाताना दारात थांबला. "ताई, आता ते दुसऱ्या कोणाचा तरी आणायला मलाच सांगतील."

"आणा की. तुमचं काम आहे."

"माझी गाडी बंद हाय आज."

"काय झालं गाडीला?"

"आता होईल काय तरी," वली म्हणाला आणि जिना उतरला.

सुरेखा सोफ्याच्या कडेवर टेकली आणि ग्रुपवर लिहायला लागली. एकदाही न थांबता लिहिलं.

"नमस्कार. आजच्या नाटकाला आमचा सोफा मिळणार नाही. माझा मुलगा राजस गे आहे. ज्या आयांची अष्टेकरांना कीव येते त्यांतली मी एक. कोणत्या तोंडानं वावरते असं त्यांनी विचारलंय. ह्याच तोंडानं. सुरेखा वर्तक."

शैलेंद्र आंघोळ करून बाहेर आला तो टॉवेल गुंडाळलेला, एका हातात फोन, चष्म्यावर वाफ. फोन नुसता टिंगटिंग वाजत होता.

"अगं, हे काय लिहिलंस! पूस. पूस ते आधी. डिलीट फॉर एव्हरीवन कर."

"पुसायला लिहिलं नाही."

"अगं पण... इथे अजून राहायचंय आपल्याला. ऑफिसात निम्मे लोक मंडळाचे आहेत. सनाबिसला ऑफिसच्या लिफ्टमध्ये रोज भेटतात ते मला. काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा."

"चेष्टा नको, सुरेखा. लोकांना कळलं..."

"मघाशीच कळलं. अहो, दोन वर्षं लोकांना कळेल म्हणून घाबरलो ना? झालं. कळून गेलं. आता घाबरायला शिल्लक काय राहिलंय?"

 शैलेंद्र गीझर बंद केलाय का बघायला गेला आणि आतच राहिला.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात प्रवीण देवस्थळी, कपाळावर घाम, आणि त्यांच्यामागे स्वतः विनीत अष्टेकर. पांढरा सदरा, पिकलेली दाढी, तेच मिस्कील डोळे. एवढ्या वर्षांत ते दर वेळी तिच्या घरी जेवून गेले होते, पण असे न बोलावता आज पहिल्यांदाच आले.

"सुरेखाताई," ते दारातूनच म्हणाले, "सोफा रुसलाय म्हणे? समजूत काढायला आलो."

सवयीनं हसू अगदी ओठांपर्यंत आलं. त्याचा तिला मागाहून फार राग आला. ते नेहमीसारखे थेट सोफ्याकडे निघाले, तेव्हा तिनं जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून मधे ठेवली.

"इथे बसा."

अष्टेकर बसले. दारात आलेल्याला चहा नाही असं या घरात कधी झालं नव्हतं. तिनं चहा केला, आलं घालून, त्यांना आवडतो तसा. कप हातात दिला आणि समोर उभी राहिली.

"ताई, दुसरा अंक सगळा सोफ्यामागे आहे," अष्टेकर म्हणाले. "दोन-तीन घरं पाहून आलो. कुठे तसा सोफाच नाही. आणि मी बोललो ते कुणा एकाला उद्देशून नाही हो. जनरल बोललो."

"जनरल मूल मी अजून पाहिलं नाही. असतं ते कुणाचं तरी असतं."

तिनं भिंतीवरचा फोटो काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "हा ओळखता?"

अष्टेकरांचा चेहरा खरंच उजळला. "अरे! नातू! काय टायमिंग होतं ह्याचं! मी तेव्हाच म्हटलं होतं, हा पोरगा मला खाऊन टाकणार. काय करतो आता?"

"पुण्यात आर्किटेक्ट आहे. तोच हा राजस. ह्याला दोन थोबाडीत द्यायच्या राहिल्या माझ्याकडून. कधी द्यायला हव्या होत्या? तुमच्या खांद्यावर होता तेव्हा, की खाली उतरल्यावर?"

प्रवीण देवस्थळी खिडकीबाहेर बघायला लागले. अष्टेकरांनी कप टेबलावर ठेवला. आता त्यांच्या डोळ्यांत मिस्कील काही नव्हतं, म्हातारपण दिसत होतं.

"मला माहीत नव्हतं, ताई."

"माहीत असतं तर?"

"तुमच्यासमोर नसतो बोललो."

"माझ्यामागे बोलला असता. एवढंच ना?"

त्यांनी मान खाली घातली. मग हात जोडले, क्लिपमध्ये जोडले होते त्यापेक्षा जरा खाली, जरा घाईनं. "मला माफ करा. चुकलं."

सुरेखाला वाटलं होतं तसं काही गोड वाटलं नाही. "मला एकटीला इथे बंद दारात नको," ती म्हणाली. "संध्याकाळी स्टेजवर म्हणा. पडदा उघडायच्या आधी, दोन वाक्यं. सगळ्यांसमोर हसवलंत ना, मग सगळ्यांसमोरच म्हणा. हो म्हणत असाल तर सोफा आत्ता खाली उतरवते. मी स्वतः एक टोक धरते."

"स्टेजवर?" प्रवीण देवस्थळी एकदम वळले. "वहिनी, अहो पहिल्या रांगेत स्पॉन्सर आहेत, मोठमोठी माणसं आहेत. हा देश कुठला, आपण कोण! असले विषय माईकवर?"

 सुरेखा अष्टेकरांकडे बघत राहिली. हो म्हणा, ती मनात म्हणत होती, एकदा हो म्हणा, मी पहिल्या रांगेत बसून परत पोट धरून हसेन. एवढी वर्षं या माणसावर जीव टाकला होता, तो असा एका मिनिटात कुठे जातो!

"परत बातमी होईल, ताई," अष्टेकर हळूच म्हणाले. "आत्ता कुठे मिटलंय."

"तुमचं मिटलंय," सुरेखा म्हणाली. "चहा घ्या. निवेल."

देवस्थळींनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "शैलेंद्र! अरे शैलेंद्र, तू तरी सांग यांना. तू समजूतदार माणूस आहेस."

शैलेंद्र बाहेर आला. बर्म्युडा आणि जुना टीशर्ट, चष्मा कपाळावर. ऑफिसात साहेबाची सावली दिसली तरी उठून उभा राहणारा माणूस. लग्नात, बारशात कुणी मोठं आलं की आपली खुर्ची देऊन स्वतः मागे भिंतीला टेकणारा. सुरेखाला वाटलं, झालं आता. हे हो म्हणणार.

 शैलेंद्र सोफ्याजवळ गेला, मधली उशी उचलून बाजूला ठेवली आणि बरोबर त्या डागावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"शैलेंद्र?" देवस्थळी म्हणाले.

"मी बसलोय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे बसलोय. सोफा न्यायचा असेल तर माझ्यासकट न्या." बसल्या जागेवरूनच तो अष्टेकरांकडे वळला. "माझ्या मुलाला नऊ वर्षांचा असताना खांद्यावर घेतलंत, साहेब. मी तेव्हा विंगेत उभा होतो. मला इतकं भारी वाटलं होतं... जाऊ द्या. मी आता उठत नाही."

 देवस्थळी "बघतो काहीतरी" म्हणत चपला शोधायला लागले. अष्टेकर दारात थांबले.

"तो बरा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"छान आहे," सुरेखा म्हणाली आणि दार लावलं.

नाटक झालं. का नाही होणार? जगात कुणाचं नाटक कुणाच्या सोफ्यावाचून अडलंय! संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला: ओळीत मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वर फुलाफुलांची चादर, आणि तिच्यामागे ओणवे अष्टेकर, अर्धी पाठ उघडी पडलेली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, तरीसुद्धा हाऊसफुल्ल. सुरेखानं फोटो नीट पाहिला. मग देवस्थळींना ग्रुपचं अ‍ॅडमिन केलं आणि बाहेर पडली. स्वतः काढलेल्या ग्रुपातून बाहेर पडताना फोन नुसतं विचारतो, नक्की का? नक्की.

दिवसभरात तिला दोनच माणसांनी काही म्हटलं. ग्रुप सोडलेल्या स्पृहाला कुणीतरी कळवलं असावं, तिनं लिहिलं, "काकू, थँक यू." आणि मंडळातल्या एका बाईचा फोन आला, कधी फारसं न बोलणाऱ्या. दाढ दुखतेय, अपॉइंटमेंट हवी म्हणाल्या. सुरेखानं शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीही घरून वेळ दिली. ठेवता ठेवता बाई म्हणाल्या, "माझा भाऊपण तसाच होता हो," आणि तिनं काही म्हणायच्या आत फोन ठेवला.

मसूदा तळलेले बोंबील देऊन गेली. बसली नाही, काही विचारलं नाही. फक्त ताट देताना म्हणाली, "गाडी उद्या दुरुस्त होईल म्हणतायत."

सुरेखानं दिवे लावले. राजसचा फोटो टेबलावरच पडला होता. भिंतीवर परत लावायला तिनं उचलला आणि थांबली. राजस त्यात खदखदून हसत होता, पण कुणाच्या खांद्यावर बसून हसत होता हेही दिसत होतं. तिनं तो कपाटात ठेवला. भिंतीवरचा खिळा रिकामा राहिला.

मग एका वाटीत साबणाचं पाणी घेऊन ती सोफ्याशी आली. शैलेंद्र अजून तिथेच होता. दुपारी जेवायला उठला तेवढाच. आता तो सोफ्यावर आडवा झाला होता, डोकं सोफ्याच्या एका हाताला, पावलं दुसऱ्या हातावर चढलेली.

"उठा जरा. डाग काढते."

"निघेल?"

"नाही निघायचा. जुना आहे. पण घासते."

तो उठला नाही. आपल्या पावलांकडे बघत म्हणाला, "मी एवढासा, तरी माझे पाय बाहेर येतात. उंच माणसाचं काय होईल ह्याच्यावर?"

"कुणाचं?"

"मयुरेशचं."

 सुरेखा एवढंच म्हणाली, "तो सोफ्यावर का झोपेल? राजसची खोली आहे."

"हं," शैलेंद्र म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "तो पलंग राजसच्या शाळेच्या वेळचा आहे गं. एकट्याचा. दोघांना नाही पुरायचा." आणि आणखी थोड्या वेळानं, "उंची किती असेल त्याची?"

"मला काय माहीत! विचारा."

तिनं नंबर लावला आणि फोन त्याच्या छातीवर ठेवला. दोन वेळा रिंग झाली.

"हां, आई?"

"आई नाही, मी बोलतोय," शैलेंद्र म्हणाला. तो उठून बसला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हवेचं विचारलं नाही, पीएफचं विचारलं नाही. "मयुरेशची उंची किती रे?"

 सुरेखा वाटी धरून उभी राहिली.

"हॅलो? राजस?" शैलेंद्र म्हणाला. "अरे, पलंग घ्यायचाय."